कस्तुराच्या आवाजाची पेटी

मी, ज्ञानदेव सोनबा ओव्हाळ, वय अठ्ठावन्न, राहणार खराळवाडी, पिंपरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर पुष्कळांच्या सांगण्याविरुद्ध लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कान मात्र निम्मे गेले. कारखान्यातल्या ठोकाठोकीने बारीक, किनरे आवाज आधी नेले. खर्जातले तेवढे मागे राहिले. छातीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते घरात मला कोणी सांगत नाही, पण तोंडे बघून कळते.

कलम १. खराळवाडीतील दोन खोल्या आणि फंडाचे जे काही येईल ते सर्व माझी पत्नी कस्तुरा हिचे. चिरंजीव नागसेन याने "आईला व्यवहार कळत नाही" म्हणून मध्ये पडू नये. त्याला स्वतःला किती कळतो ते पुढच्या कलमात येईल.

कलम २. माझे रंधे, पटाश्या आणि करवती नागसेनला. ओतकामासाठी लाकडी नमुने घडवण्यात माझी हयात गेली. अशा बापाच्या मुलाने पुण्याहून चकचकीत सनमायका लावलेली स्पीकरची पेटी आणली. तोंडावर तीन स्पीकर. मी जाळी काढून पाहिली, तर वाजणारा एक आणि बाकीचे दोन नुसते प्लॅस्टिकचे मुखवटे. "पण दिसायला भारी वाटतं ना, बाबा," असे तो म्हणाला. हत्यारे तो वापरील अशी आशा मला नाही. विकायला नेताना तरी त्यांचे वजन हाताला लागेल.

कलम ३. माझे थोरले बंधू अण्णासाहेब, जयंती कमिटीचे अध्यक्ष आणि चार कर्ण्यांचे मालक, यांस काहीही नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून गैरसमज झाला असे कोणी म्हणायला नको.

१९६९ च्या भीमजयंतीला कस्तुरा गायला उभी राहिली. तिचा आवाज खालचा, भरदार. पत्र्याच्या कर्ण्यातून खर्ज निघत नाही. भरदारपणा आतच राहिला आणि नुसती घरघर बाहेर आली. अण्णासाहेबांनी माइक ओढून विचारले, "बाई गातीया का बाप्या?" सगळी वस्ती खदाखदा हसली. कस्तुरा गाणे अर्धे टाकून खाली उतरली. त्यानंतर ती कुठेच गायली नाही, भांडी घासतानासुद्धा नाही. दोष कर्ण्याचा आहे हे मी अध्यक्षांना समजावू गेलो, तर म्हणाले, "आरं, भोसरीपातुर आवाज ग्येला! आनखी काय पायजे तुला?" तो विनोद ते अजूनही लग्नांतून सांगतात.

कलम ४. स्पीकरची पेटी. ती मी कस्तुरासाठी केली आणि तिला पटेपर्यंत तीनदा केली. पहिली कारखान्याच्या पॅकिंगच्या खोक्यांची. ती मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखी घुमायची. दुसरी सागवानी. दिसायला देखणी, म्हणून सगळ्यांना तीच आवडली, पण ठराविक सुराला ती थरथरायची. तिसरी जमली. प्लायवुडच्या दुहेरी भिंती, मध्ये चाळून वाळवलेली वाळू, पाठ पक्की बंद, आत कस्तुराच्या जुन्या गोधडीचा कापूस. ही पेटी स्वतः वाजत नाही, आतला स्पीकर तेवढा वाजतो.

वस्तीतले जाणकार येऊन तिच्यावर थापट्या मारत. "मागची फळी काढा राव, आवाजाला वाट नको व्हय?" यांच्या घरांना खिडक्या नाहीत, माझ्या पेटीला मात्र हव्यात. फळी काढली की मागचा आवाज पुढच्याला खातो, आणि खर्ज आधी खातो. म्हणून ही पाठ कोणीही, कधीही उघडू नये. पेटी कस्तुराची. कमिटीला ती एका संध्याकाळपुरतीही मिळणार नाही. माझ्या जलदान विधीला तिच्यातून कोणाचे भाषण होऊ नये. अण्णासाहेबांनी माझे गुण आपल्या कर्ण्यातून सांगावेत, भोसरीकर वाट पाहत असतील.

कलम ५. जलदान विधीच्या दिवशी कस्तुराने या पेटीवर एक गाणे म्हणावे. पेटी होऊन सहा वर्षे झाली, पण कस्तुरा माइक घेऊन तिच्यासमोर एकदाही उभी राहिली नाही. मी सांगून थकलो. गेलेल्या माणसाचा शब्द मोडवत नाही, म्हणून इथे लिहितो. माझी खरी इच्छा एवढीच आहे; बाकीची कलमे हरवली तरी चालेल.

कलम ५ रद्द. कारण: काल हा मसुदा कस्तुराला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी ग्येल्यावर कुनासाठी गाऊ? अन्नासायबासाठी?" मग सूप बाजूला ठेवून उठली. "लावा ती पेटी."

मी माइक जोडून दिला. तिने अर्धे राहिलेले तेच गाणे पहिल्यापासून म्हटले. आवाज थोडा चिरला आहे, बारा वर्षांनी चिरणारच. अण्णासाहेबांचे कर्णे मला हल्ली ऐकू येत नाहीत आणि त्याचे दुःखही नाही. तिचा शब्द न् शब्द आला. मला फार बरे वाटले.

ज्यांना यातून काही मिळत नाही असेच साक्षीदार घ्या, असे वकील म्हणाले. तेव्हा पहिले नाव अण्णासाहेबांचेच सुचले. हे लिहीत असताना ते समोर बसले आहेत. आपले नाव आत कुठे आहे हे न वाचता सहीला पेन मागत आहेत. आतल्या खोलीत कस्तुरा पेटीवर गाते आहे. त्यांनी आत्ता काहीतरी विचारले. मला ऐकू आले नाही, म्हणून कानाशी येऊन पुन्हा विचारले: "रेडिओवर कोन बाई गातीया रं? काय आवाज हाय!"

मी त्यांना पेन दिले.

लिहून ठेवणार: ज्ञानदेव सोनबा ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. अण्णासाहेब सोनबा ओव्हाळ (सही)
२. केसरबाई भैरू जगताप, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

खराळवाडी, पिंपरी
दिनांक २२ नोव्हेंबर १९८१