जोडीदाराचा कान

५ मे
—आणि माझा हात माझ्या जोडीदाराच्या कानाखाली बसला. सगळ्या ताकदीनिशी. मागून सार्जंट म्हणाला, "अस्सं! आता शिकेल." सीनियर हसले. त्यांच्यापैकी कोणी त्याला बोटही लावलं नाही. माझ्याकडूनच करवून घेतलं!

या प्रशिक्षण छावणीतला नियम असा: जोडीतला एक चुकला की शिक्षा दोघांना. त्याच्या बुटांवर रोज डाग सापडतो. तपासणीआधी मी स्वतः पाहतो—डाग नसतो. तरी सापडतो. का, ते सगळ्यांना माहीत आहे. अख्ख्या तुकडीत काळा, कुरळ्या केसांचा तो एकटाच. "डांबऱ्या" म्हणतात. आठवडाभर त्याच्यापायी मैदानाला फेऱ्या मारल्या. आज सार्जंट म्हणाला, "एक ठेवून दे त्याला. तुझ्या फेऱ्या माफ."

ठेवून दिली.

६ मे
त्याच्या उशीवर रक्त. त्याने उशी उलटी केली. मी म्हटलं, दवाखान्यात जा. "काय सांगू? जिन्यावरून पडलो? इथे जिना आहे कुठे!"

९ मे
माफी मागितली. "बरं," म्हणाला.

१४ मे
डाव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही. आज कळलं. उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून झोपतो. "तुझं घोरणं कायमचं बंद झालं, लेका!" स्वतःच हसला.

कवायतीत आता मी त्याच्या डावीकडे उभा राहतो. हुकूम देण्याआधी सार्जंट श्वास घेतो. तेवढ्यात माझं कोपर जोडीदाराला लागतं, सावध हो म्हणून. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

१९ मे
मी साहेबांना सांगतो म्हटलं. तो एकदम उठून बसला.

"तीस तारखेला शपथ आहे. आई येणार आहे. आमच्या वस्तीतून वर्दी घालणारा मी पहिलाच. शपथ झाली की काढत नाहीत, कचेरीत का होईना, ठेवतात. आधी कळलं तर घरी."

"पण चूक माझी—"

"मग गप्प बस. माझ्यासाठी तेवढं कर."

२४ मे
माझे बूट त्याने पुसून ठेवले होते. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

२६ मे
मोठे साहेब तपासणीला आले. दर वेळी विचारतात तसं विचारलं, "कोणाची काही तक्रार?" मी एक पाऊल पुढे आलो! सगळं सांगितलं. डाग, फेऱ्या, सार्जंट, माझा हात, त्याचा कान. साहेबांनी खांद्यावर थोपटलं. "याला हिंमत लागते." तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मग वळून पाहिलं. तो माझ्या ओठांकडे पाहत होता.

संध्याकाळी त्याने एवढंच विचारलं, "कोणासाठी बोललास?"



२७ मे
सकाळी डॉक्टरांनी त्याचा कान तपासला. अपात्र. नऊच्या गाडीने त्याला घरी पाठवलं. सार्जंटला ताकीद मिळाली. मला नवा जोडीदार.