चौकातला फेटेवाला

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी दिला फोटो! गुंडू तिसऱ्यांदा आला होता, चप्पलसुद्धा न काढता दारातच उभा. "आक्का, सात डिसेंबरला ध्वज दिन. पेठेतल्या फौजींचा मान करायचा ठरलाय तालमीनं. चौकात मोठा बोर्ड. आन् त्यात धैर्यशीलदादा न्हाईत म्हंजे काय मग!"

गुंडू हल्ली आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेच्या मंडळाचा, अध्यक्ष आहे. दादा गेला तेव्हा हा नुकता चालायला लागला असेल. पण दादाने तालमीच्या फुटबॉल संघाकडून मारलेले गोल असे सांगतो, जणू गोलपोस्टाला टेकूनच उभा होता. शिवाजी पेठेत हे असंच. माझं सासर नागाळा पार्कात, पण पेठेला मी अजून पेठेचीच.

दादाचा गणवेशातला बरा फोटो एकच आहे. शहाऐंशीच्या दिवाळीतला, छावणीतला. दादा आणि हे, दोघेही कॅप्टन, खांद्यावर हात टाकून. आमचं लग्न तेव्हा नुकतं ठरत होतं. दादाने ह्यांच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटा बांधला होता — "दाजी, नवरदेवाची सवय करा!" — आणि स्वतः बोडका उभा, हसत. दादासारखे हे कोल्हापूरचे नाहीत. गारगोटीकडचे. फेटा एवढा मोठा झालाय की भुवया झाकल्यात.

"दादाचा एकट्याचा घे यातून," एवढंच मी म्हणाले. क्रांतीच्या लग्नाच्या गडबडीत होते.

"कळतंय की आक्का! न सांगता कळतंय."

आई यायला तयार झाली आहे. सत्याऐंशीपासून ती एकाही सत्काराला गेलेली नाही. बाबा असताना त्यांच्या रेट्यानेही नाही. काल स्वतःहून म्हणाली, "मोने, माज्या पोराचं तोंड चौकात बघायचंय मला. डोळं हाईत तवर." एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने अंधुक दिसतं. बोर्डाएवढा चेहरा मात्र दिसेल.

तेवढं नीट पार पडू दे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

क्रांतीची हळद. माझ्या धाकट्या भावाची, जोतीरामची ही एकुलती एक. अंगणात नुसता पिवळा गोंधळ! पोरींनी मलाही सोडलं नाही.

हे नेहमीप्रमाणे गायब. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून, जेवणं उठल्यावर आले. कुठल्याच हळदीला थांबत नाहीत. अनुजा — जोतीरामची बायको — कुरकुरलीच : "भावजींना आमचा पोरकटपणा झेपत न्हाई, न्हाई का वन्सं?" मी हसून सोडून दिलं. फौजी माणूस. आमच्या लग्नातही ह्यांनी लावून घेतली नव्हती. दादाला जाऊन सहा महिने झाले होते, वाजंत्री नाही, काही नाही. "हळद नको," एवढंच म्हणाले. मला तेव्हा त्या दोन शब्दांनीच भरून आलं होतं.

ते लग्न खरं तर डिसेंबरात व्हायचं होतं. पत्रिका छापून आल्यावर आईने चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. पहिली अंबाबाईला. दुसरी श्रीलंकेला, शांतिसेनेतल्या दादाला (हेही तिथेच, त्याच्याच पलटणीत) — सोबत कागदात बांधलेली हळदीची पुडी. "भाऊ मांडवात नसंना, हळद तर लागू दे त्याला!" ती पत्रिका पोचली की नाही, कधी कळलंच नाही. तार आधी आली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लग्न पार पडलं. पाय सुजलेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अरे देवा!

चौकात बोर्ड लागला. फुलवाल्याकडे गेले होते, मान वर केली — आणि हातातली शेवंती खाली. एवढ्या मोठ्या बोर्डावर, खाली तिरंगी पट्टी, वर मशाली, मधोमध हे! माझा नवरा! फेट्यासकट. खाली ठळक अक्षरांत — शहीद कॅप्टन धैर्यशील, अमर रहे. वीरमरण, नोव्हेंबर १९८७.

गळ्यात झेंडूचा हारसुद्धा घातलाय.

पहिल्यांदा हात मंगळसूत्राकडे गेला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर लुसी असत्या तर डोक्यावर टपली मारली असती. "सिली गर्ल!" पण गेला खरा. घरी न येता आधी अंबाबाईला गेले. मग गुंडूला फोन. उचलला नाही. अजून नाही.

आईला अजून माहीत नाही. गुडघ्यांमुळे ती उंबऱ्याबाहेर येत नाही, एवढं एक बरं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून फोन. कोणीतरी बोर्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि तो गारगोटीला पोचला. ह्यांच्या बाळाबाई आत्यांनी भाच्याचा तरुणपणीचा चेहरा ओळखला नसता तरच नवल. रडतच फोन. नेमका ह्यांनी उचलला.

"आत्या, मीच बोलतोय."

"मी कोण?"

"मीच. तुमचा भाचा."

"मग ह्यो हार घाटलेला कोण हाय!"

हे हसत सुटले. मला हसूही येईना, रडूही येईना. आत्या ह्यांना सांगत होत्या, "आता मीठमोहऱ्या उतरून टाक म्हणावं तिला."

दुपारी गुंडू आला. कान धरून. "आक्का, चुकलं. फेटा बघितला आन् म्हटलं, ह्योच आपला! पेठेतला गडी फोटोला बोडका उभा राहील का?" त्याचंही खरं. फेटेवाला तो आपला, बोडका तो पावणा — एवढ्यावर ह्या पोरांनी माणूस ओळखला!

मी चांगलं झापलं. हे मात्र चहा ओतत म्हणाले, "अरे, फोटो राहू दे की गुंडू. नुसतं नाव बदल."

गुंडू खो खो हसला. मीही हसले. काय करणार!

नवा बोर्ड सहा तारखेच्या आत मिळणार नाही. सगळे छपाईवाले लग्नाच्या बोर्डांत बुडालेत. तोवर निदान कापड टाका, म्हटलं. "फौजीचा बोर्ड झाकला तर पेठ जोड्यानं मारंल आमास्नी!"

१ डिसेंबर, सोमवार

क्रांती आणि जावई हळद फेडायला आले होते. लग्नाची हळद माहेरी उतरवायची, ही आमची पद्धत. हे काम आईचं. दोघांना पाटावर बसवलं, कोमट पाणी, तिच्याच हाताने कपाळ, गाल, मनगटं धुतली. शेवटचा तांब्या ओतून म्हणाली, "झालं. आता कुटंबी जावा. मोकळं झालासा."

हळद लागल्यापासून ती फेडेपर्यंत नवऱ्यामुलाला वेस ओलांडू द्यायची नाही, असा जुना नेम. क्रांतीचा नवरा पुण्यात ऑफिसला जाऊन आला मध्येच! आईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

मग मला हळूच, "बोर्ड लागला म्हणं? कसा दिसतुया?"

"सात तारखेलाच बघ. आधी नाही बघायचं."

खोटं नाही बोलले.

३ डिसेंबर, बुधवार

हे रोज संध्याकाळी चौकात जातात. विचारलं तर "पाय मोकळे करतो." नागाळा पार्कातून शिवाजी पेठेत, पाय मोकळे करायला!

आज मी मागोमाग रिक्षाने गेले. समोर उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. बाजूने टू-व्हीलर हॉर्न मारत जातायत, एक पोरगं ओरडलंसुद्धा, "आज्जा, बाजूला की!" — ते हलले नाहीत. स्वतःच्याच चेहऱ्याकडे कोण एवढं बघतं? मग लक्षात आलं. चेहऱ्याकडे बघत नव्हते. खालच्या ओळीकडे.

"चला," म्हटलं.

"साल-महिना बरोबर लिहिलाय पोरांनी."

एवढंच. येताना रिक्षात बसलो. मी विचारलं, दादाची आठवण येते का. "ऊस चांगला आलाय यंदा," म्हणाले. रिक्षातून ऊस कुठला दिसतो!

दादाबद्दल ह्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. गस्तीवर गेला, सुरुंग लागला. तारेत होतं तेवढंच ह्यांच्या तोंडून आलं. सुरुवातीला मी खोदून विचारायचे. नंतर सोडलं.

४ डिसेंबर, गुरुवार

दूध उतू गेलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. आणि हे तीच आमटी ओरपून उठले.

६ डिसेंबर, शनिवार

बोर्ड आला!! मी स्वतः उभं राहून चढवून घेतला. दादा. बोडका. केस थोडे उडालेले, वरचा ओठ हसताना एका बाजूला जातो तो तसाच. पोरं खालून विचारत होती, "आक्का, ह्योच ना? नक्की ना?" "ह्योच रे!" मीही तालमीच्याच भाषेत ओरडले.

जुना बोर्ड गुंडाळून ह्यांनी गाडीत टाकला. कशाला, कोण जाणे.

७ डिसेंबर, रविवार

आज काय झालं, ते क्रमाने लिहिते.

सकाळी छान वाटत होतं. एका शाळकरी मुलीने साडीला कागदी झेंडा टोचला आणि एकदम सिस्टर लुसी आठवल्या. ध्वज दिनाला आम्हा मुलींना एका रांगेत उभं करून पांढऱ्या ब्लाउजवर झेंडे लावायच्या, टाचणी नेमकी टोचायचीच. मी घरी येईपर्यंत तो सांभाळायची आणि दादा हिसकावून फुटबॉलच्या जर्सीला लावायचा. "मी होणार फौजी, तू का मिरवतीस?"

आईला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. तिने मान वर करून बघितलं. खूप वेळ. मग माझा हात दाबला. "हसतोय गं." बस्स. मला वाटलं, मिळालं सगळं.

प्रतिमेला हळदकुंकू लावायची वेळ आली तर ताट घेतलेली गुंडूची बायको घुटमळली. आईचं कपाळ मोकळं ना. आईच म्हणाली, मोठ्याने, "माज्या पोराला लावायला कुणाला इचारू?" ताट घेतलं आणि लावलं. टाळ्या पडल्या!

मग गुंडूने माइकवरून कर्नलसाहेबांचं नाव पुकारलं. ह्यांचाही सत्कार. हे पुढे आले, आईसमोर वाकले. आईने बोट हळदीत बुडवलं, कपाळाकडे नेलं —

आणि ह्यांनी तिचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर. "हळद नको, आई."

शाल तिथेच खुर्चीवर ठेवली आणि गर्दीतून निघून गेले.

माइक चालूच होता. मागून बायकांची कुजबुज स्पष्ट ऐकू आली — "विधवेच्या हातची नको वाटली जणू." "कर्नल झाला तरी काय!" आईचं बोट तसंच वर, पिवळं. तिने ते पदराला पुसलं आणि म्हणाली, "चला, घरला न्या मला."

असे नाहीत हे. कधीच नव्हते. बाबा गेल्यावर आईचं कुंकू पुसू नका म्हणून भांडलेले हेच! मग आज?

घरी आल्यावर विचारलं. ओरडूनच विचारलं. हे बागेत उभे, पाठ करून. जुना बोर्ड अंगणात उलगडून ठेवलेला. त्यावर ह्यांचा तरुण चेहरा आकाशाकडे बघतोय.

"उद्या सांगतो. आईंसमोर. एकदाच सांगता येईल मला."

८ डिसेंबर, सोमवार

सकाळीच आईकडे गेलो. अनुजाने खुर्ची पुढे केली, हे आईच्या पायांशी जमिनीवर बसले.

म्हणाले, "पत्रिका पोचली होती, आई. पुडीसकट. त्या दिवशी गस्त माझी होती. बूट बांधत होतो. धैर्यशीलने पुडी फोडली, माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि म्हणाला, 'दाजी, हळद लागली. आता वेस ओलांडायची न्हाय.' आणि माझ्या जागी तो गेला."

मी आईकडे वळले.

आईने विचारलं, "माज्याच हातच्या पुडीतली?"

"हो."

आई त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. मग तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अनुजा, पाणी तापव गं. पाट मांड. जावयबापूंची हळद फेडायची राहिलीया."