सरांना उभं ठेवलं

मंगळवार, संध्याकाळ

आज सूड घेतला, आणि बरं वाटलं. पोशेऱ्याच्या शिक्षिकाबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन, वजन एकशे अठरा किलो. भूल माझी. सपाट झोपवलं की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो, म्हणून टेबल डोक्याकडून उंच ठेवलं होतं. सर्जन वैतागले, "मॅडम, टेबल सपाट करा."

मागच्या वर्षीही त्यांनीच सपाट करायला लावलं होतं. पेशंट निळा पडला, कसाबसा वाचला, आणि नातेवाइकांना सर म्हणाले, "भूलवाल्या मॅडमची चूक."

आज मी नाही म्हणाले. त्यांनी सिस्टरकडून करून घेतलं. ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला.

"पोटातून हात बाहेर काढा, सर. मागे व्हा."

टेबल वर घेतलं, फुप्फुसं हळूहळू फुगवली. सत्त्याण्णव. सर हात छातीशी धरून उभे, सिस्टर बघतायत. मी आणखी दोन मिनिटं त्यांना तसंच उभं ठेवलं. गरज होती का? मुळीच नाही.

बाई नीट शुद्धीवर आल्या. "झालं का, मॅडम?" म्हणून हसल्या. मला हसता आलं नाही. त्या दोन मिनिटांत पोट उघडं होतं ते बाईंचं, सरांचं नव्हे.