पालकाच्या रकान्यातलं नाव

प्रिय दादा,

आज तुझ्या पीएफचे पैसे तन्वी आणि ओमच्या खात्यांत जमा झाले. हे तुला कळवायचं कुणी, तर मीच. म्हणून लिहायला बसले. नऊ वर्षांचं बोलणं साठलंय, निमूट ऐकून घे.

मी नरेशशी, एका सिंधी मुलाशी, लग्न केलं म्हणून तू अबोला धरलास. तुझ्या बेलवलीच्या घराहून आमचा कॅम्प चार असा कितीसा लांब होता रे? वहिनी गेली तेव्हा मी धावत आले, तर "बस" एवढंच म्हणालास.

तू गेलास आणि मुलांपाशी कुणीतरी हवं म्हणून मी तुझ्या घरी येऊन राहिले. पंधरा दिवसांनी आनंदनगरच्या तुझ्या कंपनीतून फोन आला, म्हणून तिथल्या ऑफिसात गेले. पीएफच्या फॉर्मवर तू दोन्ही मुलांची नावं घातली होतीस आणि ती लहान म्हणून पालकाच्या रकान्यात माझं! मी त्या ऑफिसातच रडले. एवढा विश्वास होता, तर एक फोन करायला काय झालं होतं तुला?

आणि नाव तरी काय लिहिलंस? मालती गणपत पाटील! त्या माहेरच्या नावाचं एकही ओळखपत्र आता माझ्याकडे नाही. माझं लग्न तू फॉर्मवरसुद्धा मानलं नाहीस. मग प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, कोर्टातून पालकत्वाचा कागद, नुसत्या चकरा. मी वैतागले, तर नरेशच म्हणाला, "नाव तर तुझंच टाकलं ना त्याने? बाकी कागदाचं मी बघतो." दुकान बंद ठेवून तो रांगेत उभा राहायचा.

पण खरी अडचण तन्वीची होती. तेरा वर्षांची पोर. शेजारणीने तिच्या डोक्यात भरवलं होतं की आत्या पैशांसाठी उगवली. तिने दोघांची आधार कार्डं दप्तरात लपवून ठेवली, देईचना. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण तिचं तरी काय चुकलं? या आत्याला तिने पाहिलं होतंच किती वेळा?

"तू सही केल्यावर पैसे कुणाचे?" तिने विचारलं.

"तुमचे. तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत तसेच राहतील."

"लिहून दे."

मी तिच्या वहीत लिहून दिलं. तिने दोनदा वाचलं, खाली तारीख घालायला लावली आणि मगच कार्डं काढली. अगदी तुझ्यावर गेलीय.

आता दोघं आमच्याकडे असतात. ओम नरेशकडून सिंधी शिकतोय. तुला आवडणार नाही, तरी सांगते. तन्वी माझ्याशी अजून बेताचंच बोलते.

दादा, शाळा, क्लास, कपडे सगळं आमच्या कमाईतून होईल. त्या पैशांना मी हात लावणार नाही. तन्वी अठराची झाली की तिला बँकेत नेईन. आत ती एकटी जाईल, मी बाहेर बसेन. काय ठरवलं ते तिने सांगितलं तर ऐकेन. नाही सांगितलं, तरी दोघी मिळून घरी येऊ.

तुझी धाकटी,
मालू