माझ्या मार्गदर्शनाखाली गटकार्य

सोमवार, ८ जुलै
मुख्याध्यापिकाबाईंनी प्रशिक्षणाहून गटकार्याचं खूळ आणलंय. शुक्रवारी माझ्या सातवीत नमुना पाठ; तो बघून नवा पर्यवेक्षक ठरणार. म्हणजे मीच. स्टाफरूममध्ये दुसरं आहे कोण? जोडीला विज्ञानबाई आणि चित्रकलेचे सर. एक गोगलगाय, दुसरा नंदीबैल. तिघांनी मिळून तक्ता करायचाय. मी माझ्याकडे मार्गदर्शन घेतलं.

मंगळवार, ९ जुलै
वर्गात गट पाडले. नुसता बाजार. एकटी लिहिते, बाकीचे पेन्सिलींना टोकं काढतात. ऐतखाऊ कार्टी. नियम केला: काम न करणाऱ्याचं नाव तक्त्यावरून खोडायचं. दयामाया नाही. पहिल्या बाकावरच्या चष्मिसने विचारलं, सगळ्यांना लागू? म्हटलं, अर्थात. ज्याला काहीच येत नाही त्याला घड्याळ देऊन वेळ बघायला बसवायचं. मागच्या बाकावरचा जांभईबहाद्दर खूश.

बुधवार, १० जुलै
डोकं जड. तक्त्याचं उद्या बघू. विज्ञानबाई शाळा सुटल्यावरही थांबल्या. काही लोकांना घरदार नसतं.
बायकोला योजना ऐकवली. म्हणाली, घरातही तुमचं मार्गदर्शनच असतं, जरा कुकर बंद करा. दृष्टीच नाही.

गुरुवार, ११ जुलै, दुपार
तक्ता झाला म्हणे. मी नाव घातलं. सगळ्यात वर, लाल शाईत. चित्रकलेचे सर गप्प. याला म्हणतात संघभावना.
पर्यवेक्षकाच्या केबिनमधला पंखा कुरकुरतो. शिपायाला तेल घालायला सांगितलं.

शुक्रवार, १२ जुलै
पाठ रंगला होता. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी पोरांना विचारलं, नियम कसा पाळता? चष्मिस उठली. म्हणाली, आधी प्रत्येकाला विचारतो, काय केलंस. आणि बोट आमच्याच तक्त्याकडे. विज्ञानबाईंनी मजकूर लिहिलेला, सरांनी चित्रं काढलेली. मी म्हणालो, मार्गदर्शन.
गटागटांत कुजबुज. एरवी खोडरबरावरून भांडणाऱ्या पोरांचं पहिल्यांदाच एकमत झालं. चष्मिसने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. पोरीने पट्टी लावून माझं नाव खोडलं. पट्टी लावायला मीच शिकवलंय.

शनिवार, १३ जुलै
पर्यवेक्षक विज्ञानबाई. गोगलगाय नि पोटात पाय. पंखा आता कुरकुरत नाही.
मुख्याध्यापिकाबाई सभेत म्हणाल्या, सरांचा नियम फारच परिणामकारक, आता शिक्षकांचेही गट करू. फार लागलं ते. मी विज्ञानबाईंच्या गटात. काम: वेळ बघणे.
घड्याळ जांभईबहाद्दराकडून मागून आणावं लागलं. म्हणाला, अवघड नसतं सर, जमेल तुम्हाला.