मॉरिशसला निघालेल्या बिबड्या

जळगाव जामोद
९ फेब्रुवारी २०२५

ती. धम्मशीला आत्यास,
मनालीचा स. जय भीम. वि. वि.

तुझ्याकडे राहून उद्योजकतेचं प्रशिक्षण पुरं केलं आणि गावी आले. फोनवर मी नुसती हसते, कामाचं बोलत नाही, म्हणून पत्रच लिही, असं तू बजावलं होतंस. तर हे कामाचं.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या सरकारी योजनेतून आमच्या गटाचं कर्ज मंजूर झालं. दळणयंत्र आलं, वजनकाटा आला. सासूबाई, गटातल्या बनाबाई आणि शेजारच्या बाया पहाटे ज्वारीचा घाटा शिजवतात आणि ओल्या लुगड्यांवर हाताने थापून पापडासारख्या बिबड्या वाळत घालतात. ऊन चढायच्या आत गच्चीवर जावं तर सगळीकडे ओले, पांढरे चंद्र पसरलेले असतात. मी घटकाभर तिथेच उभी राहते आणि सासूबाई ओरडतात.

प्रशिक्षणातल्या ऑनलाइन मेळाव्यात भेटलेल्या मॉरिशसच्या सुचिताबाई आठवतात ना? त्यांचे पूर्वज कोकणातून गेलेले, पोर्ट लुईला त्यांचं दुकान आहे. त्यांनी आधी थोडा माल मागितला आहे. गिऱ्हाइकांना आवडला तर वर्षभर घेतील.

सगळं त्यावरच आहे. तुझ्या जावयाला, प्रसेनजितला, चाकणच्या कारखान्यात आता तिसरं वर्ष. आमचं असं ठरलंय की बुद्ध पौर्णिमेपर्यंत ती मागणी पक्की झाली तर तो नोकरी सोडून घरी येईल आणि धंदा दोघं मिळून पाहू. नाही झाली तर गट बनाबाईंच्या हाती देऊन मी चाकणला जायचं. तिथे खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. मला झोपेत समुद्र दिसतो, आत्या. पाहिलेला नाही, तरी दिसतो.

तुझी माया अशीच रागावत राहो.

तुझी,
मनाली


बुलढाणा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. चंद्र ठीक आहेत. आयात-निर्यातीचा कोड मिळाला का, ते मात्र लिहिलं नाहीस. स्वप्नाला कोड लागत नाही, मालाला लागतो.

मी इथल्या टपाल कार्यालयात जाऊन आले. लहान उद्योगांसाठी टपालानेच परदेशी माल पाठवण्याची सोय आहे, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. खिडकीवरचा मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. भूगोलात काठावर पास झालेला. मॉरिशस कुठे आहे ते मी त्याला आधी विचारलं, मग कामाचं विचारलं. त्याने सांगितलेलं लक्षात ठेव: पाकिटावर जे वजन छापाल तेच आत असलं पाहिजे आणि तेच कागदावर. कमी चालत नाही तसं जास्तही चालत नाही.

मुदतीचं मात्र मला पटलेलं नाही. पौर्णिमा तिच्या तिथीला येईल, जहाज त्याच्या वेळेला. नवराबायकोने कुठे राहायचं हे परक्या मुलखातल्या गिऱ्हाइकाच्या जिभेवर ठेवायचं, ही कुठली रीत? पण तुम्ही दोघांनी ठरवलंय, मी कोण.

एक सांगते, हसू नकोस. तीस वर्षं मी फळ्यावर व्यापारी वाऱ्यांचे बाण काढले. आग्नेयेकडून येणारे, तिरपे. काल संध्याकाळी राजूर घाटाकडून धुकं वर आलं, घरं दिसेनाशी झाली, तेव्हा नकाशा काढून बसले. मॉरिशस नेमकं त्या बाणांखाली आहे. इतकी वर्षं तिथे खडूचं टोक टेकवत होते आणि तिथे कुणाची गच्ची असेल, कुणी काही वाळत घातलं असेल, हे मनात आलं नव्हतं. धुकं विरलं तेव्हा चहा थंड झाला होता.

तुझ्या सासूबाईंना, जनकाबाईंना, जय भीम सांग. पत्र आळस न करता लिहावं, एवढंच मागणं.

तुझी आत्या,
धम्मशीला


जळगाव जामोद
२९ मार्च २०२५

ती. आत्यास,
स. जय भीम. वि. वि.

माल परत आला.

महिन्याच्या सुरुवातीला खोका पाठवला तेव्हा बाया रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या होत्या. बनाबाईंनी खोक्यावरून हात फिरवला, जशी सासरी निघालेली पोर. पुढे रोज वाटायचं, आज तो पाण्यावर असेल. तो मुंबईलाच होता. तपासणीत प्रत्येक पाकीट छापल्यापेक्षा जड भरलं आणि सगळं तसंच माघारी.

मी स्वतः काट्यावर वजन केलं होतं, आत्या. काटा चुकला म्हणून दुकानदाराशी भांडून आले. घरी येऊन सांगितलं तर सगळ्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मी वजन करून पाकिटं ठेवायची, आणि तोंड बंद करण्याआधी सासूबाई प्रत्येकात वरून मूठभर चुरा नि दोन बिबड्या टाकायच्या. मी विचारलं तर त्यांना कळेचना की यात विचारण्यासारखं काय आहे. म्हणाल्या, “इकलं तरी वरून मूठभर टाका लागते वं. मोजून-मापून धाडलं तं घरची बरकत जाते. अन् ते तं परमुलखातलं माणूस.”

मला रागावताही येईना. त्यांनी आयुष्यभर शेंगा विकल्या त्या अशाच, मापावर मूठ टाकून. मला वाटायचं, नियम मी सांगितला म्हणजे झाला.

सुचिताबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, पुन्हा पाठवा, पण उन्हाळा संपायच्या आत पोचलं नाही तर मी दुसऱ्याकडून घेईन. प्रसेनजित फोनवर एवढंच म्हणाला की चाकणला एक खोली पाहून ठेवतो. सासूबाई तेव्हापासून जेवताना माझ्याकडे पाहत नाहीत.

तुझ्या रागाची वाट पाहणारी,
मनाली


बुलढाणा
४ एप्रिल २०२५

चि. मनालीस,
अ. आ. वि. वि.

रागावण्यासारखं आहे, पण जनकाबाईंवर नाही. तू प्रशिक्षणात शिकलेलं सगळं बायांना सांगितलंस. त्या आजवर विकत कशा आल्या, हे एकदाही विचारलं नाहीस. परीक्षेत मी याचे गुण कापले असते.

आता उपाय. मूठ बंद करू नका. जनकाबाईंचं म्हणणं चुकीचं नाही, जागा चुकीची आहे. तुमच्या प्रशिक्षकांना गाठलं. ते म्हणाले की विकायच्या मालाबरोबर विनामूल्य नमुना पाठवता येतो, फक्त त्याचं वेगळं पाकीट, वेगळं वजन आणि कागदावर वेगळी ओळ हवी. तेव्हा पाकिटं जनकाबाईंच्या हाती जाण्याआधी बंद कर. आणि खोक्यात एक मोकळं पाकीट त्यांच्यासाठी ठेव. सगळ्या मुठी त्यात. ते त्यांनी भरायचं, मग तू वजन करायचं. काम समजून सांग, शिक्षा म्हणून नको.

खोलीबद्दल. प्रसेनजितला मी वेगळं पत्र लिहिणार होते, नंतर लिहिलं नाही. त्याला एकच विचार, माझ्या नावाने: मागणी आली तर घरी येईन म्हणतोस, ती मागणी पुरी कोण करणार होतं? तुझ्याशिवाय तुझी आई घाटा शिजवतेच आहे. सरकार कर्ज देतं, यंत्र देतं, शिकवतं, परदेशाची वाट दाखवतं. घरी यायचं की नाही, याची योजना अजून निघालेली नाही.

हल्ली मी पहाटे उठून उगाच गच्चीवर जाते. तिथे काहीच वाळत घातलेलं नसतं.

खुशाली कळवत जा.

आत्या


जळगाव जामोद
२० मे २०२५

ती. आत्यास,
स. जय भीम. वि. वि.

सासूबाईंच्या मुठींचं वेगळं पाकीट घेऊन दुसरा खोका पोचला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुचिताबाईंचा निरोप आला. वर्षभर घेतील, पण आम्ही धरलं होतं त्याच्या निम्मं.

प्रसेनजित सुट्टीवर आलाच होता. विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि अंगणात बसून तो म्हणाला की निम्म्या मागणीत नोकरी सोडता येत नाही. खरंच होतं. मी तुझा प्रश्न त्याला विचारला.  मीही सांगून टाकलं की मी चाकणला येणार नाही. हे बोलताना माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. भांडण झालं नाही. त्याने बॅग भरली, मी डबा भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात बॅग घेऊन उभा होता आणि सातपुड्याकडून अवकाळी आभाळ उतरलं. ऊन होतं आणि एकदम पिवळट अंधार झाला, पाण्याखाली असल्यासारखा. गच्चीवर अर्ध्या ओल्या बिबड्यांची लुगडी पसरलेली. सासूबाई खालून ओरडल्या, “अबे, बॅग ठेव अन् वर ये!” तो बॅग टाकून धावला. एकेका लुगड्याला चार कोपरे, चार माणसं. सासूबाई, बनाबाई, तो आणि मी. वाऱ्याने लुगडं मधोमध फुगायचं, आम्ही ते धरून जिन्यापर्यंत हळू चालायचो, आणि बिबड्या त्याच्यावर पडून राहायच्या, हलल्या तरी सुटल्या नाहीत.  मोठ्या रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. ती थोडी थांबली, मग गेली. त्याच्या हातात तेव्हा माझ्या समोरचा कोपरा होता. तो त्याने सोडला नाही.

संध्याकाळी आणखी एक बस होती. तिचं नाव कुणी काढलं नाही.

सकाळी त्याने सासूबाईंना विचारलं की मी काय करू. त्यांनी घाटा हाटायला दिला. त्याने तो करपवला. सासूबाई त्याला काय बोलल्या ते पत्रात लिहिता येत नाही, पण दुपारी जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आज त्याने कारखान्याला कळवलं, नोकरी सोडतो म्हणून. पुढच्या महिन्यात वाळवणी यंत्राचं प्रशिक्षण बुलढाण्याला आहे. तो तुझ्याकडे राहील. भूगोल विचारू नकोस, त्याला येत नाही.

लोभ आहेच, तो कडक शब्दांत कळवत राहा.

तुझी,
मनाली