एम.एस्सी. झाल्याचा फ्लेक्स

सावेडी, अहिल्यानगर

ती. अण्णांना, रागावलेल्या राजेश्वरीचा नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहितेय. मी कॉलेजात नुसती चौकशी करायला गेले होते. एवढंच तुम्हाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स! ‘एम.एस्सी. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली काका आणि त्यांचं सगळं मित्रमंडळ, गॉगल लावून.

अहो, एम.एस्सी. दोन वर्षांची असते! बोअर मारल्यासारखी एका दिवसात होत नाही. ती करायची की संगमनेरला डेअरीत नोकरी धरायची, हेच माझं ठरत नव्हतं.

आईचा गुडघा कसा आहे? धारा कोण काढतं? तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणता, पण फ्लेक्सखाली उभं राहून काढलेल्या फोटोत तुमचे गाल किती बसलेत!

मी मजेत आहे. मावशी उपाशी ठेवत नाही.

शेवटी आज प्रवेश घेतला. नाही घेतला तर गावात तोंड कसं दाखवणार? आता तो फ्लेक्स उतरवा आणि कांद्यावर टाका, पण माझा फोटो आतल्या बाजूला करा. फाडू नका. दोन वर्षांनी तोच लावायचाय.

तुमची, सध्या फक्त बी.एस्सी.,
राजेश्वरी